अपंगत्ववेतन, क्रेडिट कार्ड आणि आपली पत

(एलुल महिन्यात, 'की तेत्से' पराशाच्या आठवड्यात, बुधवारी संध्याकाळी सिनेगॉगच्या सभागृहात झालेले व्याख्यान. ध्वनिमुद्रणावरून उतरवून घेतले आहे.)



या सभागृहात आजवर मी शेवटच्या रांगेत बसत आलो. तेथून पंखा जवळ पडतो, आणि व्याख्यान लांबले तर दारही जवळ पडते. आज मला समोर उभे केले आहे, याचे कारण माझी विद्वत्ता नव्हे. गेल्या पुरीमच्या सुमारास आपल्यापैकी एका भगिनीने गब्बाईंना विचारले, "माझी नोकरी गेली आहे, घरधनी अपंगत्ववेतनावर आहेत, अशा घराला बँक क्रेडिट कार्ड देते काय?" गब्बाई उत्तरले, "हे आमच्या अमक्याला विचारा, त्याचे हात त्यात पोळलेले आहेत." तो अमका मी.

विषय ऐकून प्रथम मला संकोच वाटला. भिंतीपलीकडे हेखाल आहे आणि अलीकडे आपण उधारीच्या कार्डाविषयी बोलणार, हे मनाला रुचेना. मग या आठवड्याची पराशा उघडली आणि संकोच गेला. या एकाच पराशात व्याज घेण्याची बंदी आहे, मजुराची मजुरी त्याच दिवशी चुकती करण्याची आज्ञा आहे, विधवेचे वस्त्र तारण घेऊ नये असे आहे. आणि आणखी दोन नियम आहेत, ज्यांच्यावर माझे आजचे सारे बोलणे उभे आहे. पहिला असा, की कोणाचे जाते किंवा जात्याची वरची तळी तारण म्हणून घेऊ नये, कारण तसे करणे म्हणजे माणसाचा जीवच गहाण घेणे होय. दुसरा असा, की तारण आणायला गेलेल्या धनकोने ऋणकोच्या घरात शिरू नये. त्याने बाहेर उभे राहावे आणि ऋणकोने आपल्या हाताने तारण बाहेर आणून द्यावे. ज्या धर्मशास्त्राला सावकाराने कोठे उभे राहावे याचीही काळजी आहे, त्याच्या छायेत बसून क्रेडिट कार्डावर बोलण्यास हरकत नसावी.

आपल्या मायबोलीत 'पत' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. दुकानदाराकडे माणसाची पत असते, म्हणजे त्याला उधार मिळते. आणि समाजात माणसाची पत असते, म्हणजे त्याला मान मिळतो. माझे वडील मुंबईत गिरणीत होते. गिरणीच्या पतपेढीतून कर्ज हवे असले तर दोन जामीनदार लागत. कर्जाची रक्कम लहान असे. परंतु वडिलांना जामीन राहायला कोण तयार होतो यावरून चाळीत त्यांची किंमत ठरे. हिब्रू भाषेत या उधारीला 'अश्राय' म्हणतात. आपण रोजच्या तेफिलेत तीन वेळा 'अश्रे' म्हणतो. देश नवा होता तेव्हा माझ्या आईला हे दोन शब्द एकच वाटत, आणि बँकेच्या पाटीवर तेफिलेतला शब्द पाहून तिला फार समाधान वाटे. आम्ही तिची समजूत दुरुस्त केली नाही.

या शब्दाचे दोन अर्थ एकमेकांत किती मिसळलेले आहेत, हे मला २०११ साली कळले. मी बंदराजवळच्या एका गोदामात फोर्कलिफ्ट चालवीत असे. साखरेच्या विकाराने माझ्या डोळ्यांचे पडदे खराब झाले. ज्या माणसाला दोन हातांवरचा खांब धूसर दिसतो त्याच्या हाती फोर्कलिफ्ट देता येत नाही, हे मीही मान्य केले. पुढे बितुआख लेउमीच्या वैद्यकीय समितीसमोर जाणे आले. तेथे दोन गोष्टी ठरवतात: शरीराचे वैगुण्य किती, आणि कमावण्याची शक्ती किती गेली. ही दुसरी गोष्ट ६०, ६५, ७४ किंवा १०० टक्के अशा पायऱ्यांनी मोजतात. मला पहिल्यांदा ६५ टक्के ठरवले. निर्णय येईपर्यंत काही महिने गेले. त्या काळात घरात फक्त माझ्या पत्नीची कमाई येत होती. ती वृद्धांच्या घरी शुश्रूषेचे काम करीत असे.

एका शुक्रवारी दुपारी मी सुपरमार्केटात शाब्बाथचे सामान घेतले. कोंबडी, दोन नारळ, तेल, मेणबत्त्या. कार्ड यंत्राने नाकारले. मुलीने दुसऱ्यांदा लावले, पुन्हा नाकारले. माझ्या मागे आपल्याच सिनेगॉगमधील एक गृहस्थ उभे होते. ते हळूच म्हणाले, "मी भरतो, रविवारी द्या." मी हसून म्हणालो, "छे, घरी दुसरे कार्ड आहे, घेऊन येतो." दुसरे कार्ड नव्हते. मी ढकलगाडी तशीच सोडून बाहेर पडलो आणि त्या शाब्बाथला आमच्या घरी डाळभात झाला.

रविवारी बँकेत गेलो. त्या शाखेत माझे खाते अनेक वर्षांचे होते. अधिकारी सभ्यपणे म्हणाला, की तीन महिने पगार जमा झालेला नाही, म्हणून उधारीची मर्यादा रद्द केली. तसे पत्र पाठवले होते. पत्र खरोखरच आले होते. ते मी खणात ठेवले होते. बारीक अक्षरे मला वाचता येत नव्हती आणि पत्नीला वाचायला द्यायची नव्हती. त्यामुळे या प्रकरणात बँकेचा दोष किती आणि माझा किती, याचा निवाडा मी आजही करू शकलेलो नाही.

आता बँक अशी का वागते ते पाहू, कारण त्यावर रागावून काही साधत नाही. या देशात बँकसेवेविषयीचा १९८१ सालचा कायदा आहे. त्यानुसार शिलकीत चालणारे साधे खाते उघडून देण्यास बँकेला वाजवी कारणावाचून नाही म्हणता येत नाही. परंतु उधार देण्याची सक्ती हा कायदा करीत नाही. आपल्याकडचे नेहमीचे कार्ड म्हणजे उधारीच असते: महिनाभर खरेदी करावी आणि ठरलेल्या तारखेला सारी रक्कम खात्यातून एकदम वळती व्हावी. म्हणजे कोकणातल्या वाण्याची वहीच ती, फक्त प्लास्टिकची. वाण्याच्या दुकानात निदान 'आज रोख, उद्या उधार' अशी पाटी तरी असे.

बँक विचारते तलुश, म्हणजे पगारपत्रक. अपंगत्ववेतनाला तलुश नाही. वास्तविक पाहता हे वेतन कित्येक पगारांहून नियमित आहे. मालक दिवाळखोर झाला म्हणून ते थांबत नाही, कारखाना हलला म्हणून थांबत नाही; दर महिन्याच्या २८ तारखेला ते खात्यात पडते. मग बँकेला भीती कसली? बंधुभगिनींनो, भीतीचे एक कारण आपल्या भल्याच्याच कायद्यात दडलेले आहे. बितुआख लेउमीचे वेतन, पोटगीसारखे काही अपवाद सोडल्यास, कर्जापोटी जप्त करता येत नाही. आणि खात्यात जमा झाल्यावरही ३० दिवस त्याला हे संरक्षण राहते. पराशातली जात्याची तळी ती हीच. ज्याच्यावर घरात भाकर होते ते काढून नेऊ नये, असे राज्यानेही म्हटले आहे. परंतु जे जप्त करता येत नाही त्याच्या भरवशावर उधार द्यायला सावकार कचरतो.

हा पेच नवा नाही. सातव्या वर्षी, शेमिता आली की कर्जे माफ होत, म्हणून ते वर्ष जवळ आले की लोक गरिबांना कर्ज देईनासे झाले. गरिबाच्या रक्षणासाठी केलेला नियमच गरिबाच्या दारात धोंड होऊन बसला. तेव्हा हिल्लेल यांनी प्रोझबुलची तोड काढली: कर्ज न्यायसभेच्या स्वाधीन करायचे, म्हणजे ते बुडत नाही आणि धनकोचा हात आखडत नाही. कायदा मोडला नाही, माणूसही उपाशी ठेवला नाही. आजच्या हिल्लेलने आपल्यासाठी काय तोड काढली असती, हा प्रश्न मी हझान साहेबांकडे सोपवतो. मी मला जे सापडले ते सांगतो. परंतु आधी मी जो खड्डा खणला तो सांगणे भाग आहे.

बँकेने नाही म्हटल्यावर दीड-दोन वर्षे आम्ही रोखीवर काढली. मग शीतपेटी गेली, कपडे धुण्याचे यंत्र गेले, पत्नीच्या दातांचे काम निघाले. एके दिवशी बाजारसंकुलात एका दुकानसमूहाच्या कार्डाचा टेबल मांडलेला दिसला. मागे सैन्यातून नुकता सुटलेला असावा असा मुलगा. त्याने ओळखक्रमांक विचारला, खाते विचारले, वळतीच्या परवानगीवर सही घेतली, एक घडी घालायची पिशवी भेट दिली. काही दिवसांत कार्ड पोस्टाने आले. ज्या शाखेला माझी इतकी वर्षे माहिती होती तिने नकार दिला, आणि ज्याने मला दहा मिनिटे पाहिले त्याने होकार दिला. मला वाटले, माझी पत परत आली. त्या संध्याकाळी घरी जाताना मी शीळ घालत होतो असे पत्नी सांगते.

ते कार्ड 'मितगलगेल' प्रकारचे होते. गलगल म्हणजे चाक. खरेदी कितीही असो, खात्यातून दरमहा ठरावीक रक्कम जाते आणि उरलेले पुढे ढकलले जाते, व्याजासह. माझी ठरावीक रक्कम होती ३०० शेकेल. केवढे सोयीचे, असे मला वाटले. उधारी १४,००० शेकेलवर गेली. व्याज महिन्याला सुमारे एक टक्का, म्हणजे १४० शेकेल. मी ३०० भरत होतो. त्यातले १४० व्याजात जाऊन मुद्दलातून केवळ १६० कमी होत होते. पुढे एका जाणत्या माणसाने हिशेब करून दाखवला: एक काडीही नवी घेतली नाही तरी हे कर्ज फिटायला पाच वर्षांहून अधिक काळ लागणार होता, आणि १४,००० चे जवळजवळ १९,००० होणार होते. आपले पूर्वज कोकणात शनवार तेली होते. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी जेथे होता तेथेच असतो, हे आपल्या जमातीला कोणी शिकवायला नको होते. मी मात्र डोळ्यांना झापड लावून चाललो होतो. काही अंशी खरोखरीची.

यापेक्षाही एक वाईट गोष्ट झाली. मी सिनेगॉगला यायचा बंद झालो. तुम्ही विचारपूस केलीत, मी डोळ्यांचे कारण दिले. खरे कारण वेगळे होते. सणाच्या दिवशी हेखाल उघडण्याचा मान, आलियांचे मान यांची बोली लागते. पूर्वी मीही बोलत असे. आता गप्प बसावे तर लोक काय म्हणतील, आणि बोलावे तर भरायचे कोठून? एकदा बोललोही. ते पैसे मी त्या चाकाच्या कार्डावरून भरले. म्हणजे तोरा वाचली त्या मानाचे पैसे व्याजाने काढले, जे व्याज तीच तोरा निषिद्ध ठरवते! ही गोष्ट मी आज प्रथमच मोठ्याने सांगत आहे. अध्यक्षांनी मनावर घेऊ नये. पण बोलीच्या वेळी गप्प बसणाऱ्यांकडे वळून पाहण्याची जी आपल्याला सवय आहे, तिच्याविषयी कमिटीने एकदा विचार करावा अशी माझी नम्र विनंती आहे.

मला त्यातून बाहेर काढले ते एका गमाखने. ही बिनव्याजी कर्जाची एक लहानशी पेढी आहे. ती चालवणाऱ्या वृद्ध गृहस्थांना आपले नाव घेतलेले आवडणार नाही. रामबाम यांनी दानाच्या आठ पायऱ्या सांगितल्या, त्यात सर्वांत वरची पायरी म्हणजे घसरणाऱ्या माणसाला देणगी, कर्ज, भागीदारी किंवा काम देऊन असे उभे करणे की पुढे त्याला मागावे लागू नये. हे मी बालपणापासून ऐकत आलो होतो. परंतु कर्जाला इतके वर का बसवले, ते मला त्या दिवशी उमगले. दान घेताना मी कोणाचा तरी गरीब झालो असतो. कर्ज घेताना मी ऋणको होतो, आणि ऋणको हा व्यवहारातला एक पक्ष असतो.

ते गृहस्थ दोन जिने चढून स्वतः आले. मी म्हणालो, "आत या, चहा घ्या." ते म्हणाले, "नको, मी येथेच बरा." जिन्याच्या चौकात उभे राहूनच त्यांनी पाकीट दिले, माझी सही घेतली, आणि खाली उतरले. मला त्या वेळी जरा वाईट वाटले. चहालाही थांबले नाहीत. घरात त्या दिवसांत बसायला दोन खुर्च्या होत्या आणि एका भिंतीवर दिवाणाचा पांढरा ठसा होता, कारण दिवाण आम्ही विकला होता. पुढे एका वर्षी हीच पराशा वाचली जात असता, धनकोने बाहेर उभे राहावे हे वाक्य आले, आणि मला तो जिना आठवला. मी सिद्दूरात तोंड घालून बसलो.

चाकाचे कर्ज एकरकमी फेडले, कार्ड कात्रीने कापले आणि, हे विसरू नका, कंपनीला लेखी कळवून रद्द केले. केवळ कापल्याने कार्ड मरत नाही. गमाखला महिन्याला ४०० शेकेल याप्रमाणे ३५ हप्ते दिले. आधी ३०० भरत होतो तेव्हा पाच वर्षे लागणार होती. शंभर अधिक भरले आणि व्याज नव्हते, तर तीन वर्षांच्या आत मोकळा झालो.

आता त्या भगिनीच्या प्रश्नाकडे येतो. होय, अपंगत्ववेतनावर असताना कार्ड मिळते. परंतु 'कार्ड' म्हणून एक वस्तू नाही, तीन आहेत, आणि कोणती मागता यावर सारे अवलंबून आहे.

पहिले तात्काळ वळतीचे कार्ड. खरेदी केली की पैसे लगेच खात्यातून जातात. खात्यात नसतील तर व्यवहार होत नाही. यात उधारी नाही, म्हणून बँकेला भीतीही नाही. ज्यांचे खाते १० धनादेश न वटल्याने निर्बंधित झाले आहे त्यांनासुद्धा हे मागता येते. वीजबिल, औषधे, संगणकावरून खरेदी, बहुतेक सारे याने भागते. यात कमीपणा काही नाही. दुकानातली मुलगी कार्डाकडे पाहतही नाही.

दुसरे नेहमीचे, महिनाअखेर वळती होणारे. हे मागायला जाताना रिकाम्या हाताने जाऊ नका. बितुआख लेउमीकडून वेतनाचे प्रमाणपत्र घ्या; वेतन कायम आहे की मुदतीचे, हे त्यावर असते, आणि कायम असेल तर ते तुमचे सर्वांत मोठे भांडवल आहे. सहा महिन्यांचा खात्याचा उतारा घ्या. मर्यादा लहान मागा. मी १,५०० शेकेलची मागितली, तेव्हा समोरच्या बाईंना आश्चर्य वाटले. लोक वाढवून मागायला येतात. वर्षभर ते कार्ड नीट चालवल्यावर बँकेने आपण होऊन मर्यादा वाढवण्याचे सुचवले. मी आभार मानून नको म्हटले.

आणि तारीख! हे मी तुम्हाला पुन्हा पुन्हा सांगेन. वेतन २८ तारखेला येते. कार्डाची वळती बहुधा २, १० किंवा १५ तारखेची असते, आणि पुष्कळांची १० असते, कारण पगारदारांचा पगार त्याच सुमारास येतो. २८ ला आलेले पैसे १० तारखेपर्यंत भाडे, आर्नोना, वीज, औषधे यांत विरघळतात, आणि १० ला कार्ड येऊन उभे राहते. खाते मिनूसमध्ये जाते, मर्यादा ओलांडली की वळती परत जाते, परतीचा आकार लागतो. माझी अर्धी विपत्ती या बारा दिवसांत होती. कंपनीला सांगून तारीख २ करून घेतली. त्या दूरध्वनीला सात मिनिटे लागली. पूर्वी कोणी सांगितले असते तर किती रात्री झोप लागली असती!

तिसरे कार्ड चाकाचे. त्याविषयी बोलून झाले आहे. अलीकडे ते निरनिराळ्या गोड नावांनी येते. तेव्हा सही करण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा: महिन्याची पूर्ण रक्कम वळती होणार की ठरावीक? ठरावीक म्हणाले तर पिशवी परत द्या.

२०१९ पासून बँक ऑफ इस्रायलकडे सर्वांच्या कर्जव्यवहारांची नोंदपेढी आहे. त्यातला आपला अहवाल आपल्याला मागवता येतो. नकार मिळाला तर घरी येऊन रडण्यापूर्वी तो पाहा. कधी जुने, फिटलेले कर्ज तेथे चुकीने जिवंत असते. बँकेला नकाराचे कारण विचारा. पटले नाही तर प्रत्येक बँकेत ग्राहकांच्या तक्रारींचा अधिकारी असतो, आणि त्यावर बँक ऑफ इस्रायलचा पर्यवेक्षण विभाग आहे. घरखर्चाचा मेळ बसत नसेल तर 'पआमोनिम' संस्थेचे स्वयंसेवक शेजारी बसून हिशेब लावून देतात. "तुम्हा अपंगांना हमखास कर्ज देतो, आधी एवढे शुल्क भरा," असा दूरध्वनी आला तर तो ठेवून द्या.

बेकारभत्त्याची गोष्ट निराळी आहे, म्हणून त्या भगिनीला वेगळे सांगतो. तो भत्ता १२ तारखेला येतो आणि तो संपणारा आहे. ४५ वर्षांवरील माणसालाही जास्तीत जास्त १७५ दिवसांचा. १७५ दिवसांच्या उत्पन्नावर २४ तशलुमीमचा दिवाण घेऊ नका. दुकानदार म्हणतो हप्ता बिनव्याजी आहे, आणि ते खरेही असते. पण असे आठ बिनव्याजी हप्ते एकत्र आले म्हणजे भत्त्यातले काही उरत नाही. नोकरीच्या काळातले कार्ड हाती असेल तर त्याची मर्यादा स्वतःच कमी करून घ्या. बँकेने कापण्यापेक्षा आपण कापलेली बरी; निदान सुपरमार्केटात कळत नाही.

मुलांना जामीन घ्यावे की नाही, असे एकाने विचारले होते. माझा मुलगा तयार होता. मी घेतले नाही. नीतिवचनांत जामिनाविषयी जी ताकीद आहे ती मी त्याला लहानपणी पाठ करायला लावली होती; आता मीच कसे मोडणार? प्रत्येकाने आपल्या घरचे पाहावे.

सण तोंडावर आले आहेत, म्हणून शेवटचा मुद्दा. ऋण काढून सण करू नये, अशी आपली मराठी म्हण. रब्बी अकिवा यांचेही मत तेच: शाब्बाथ साधा वारासारखा काढावा, पण लोकांच्या उपकाराखाली येऊ नये. आणि तरीही गेमारात दुसरे एक वचन आहे, ज्याचा आशय असा की देव म्हणतो, माझ्या नावावर कर्ज काढा, सण साजरा करा, मी फेडतो. हे वाचून मला तरुणपणी फार आनंद झाला होता. भाष्यकारांनी दोहोंचा मेळ घातला आहे: ज्याला फेडायला काही आधार आहे त्याने काढावे, ज्याला नाही त्याने अकिवांचे ऐकावे. पाहा, पगारपत्रक आहे काय, असे तेथे कोणी विचारलेले नाही. फेडायला आधार आहे काय, एवढेच विचारले आहे. दरमहा २८ तारखेला येणारे वेतन हा आधारच आहे. फक्त तो किती लांबीचा आहे हे आपण रात्री दिव्याखाली बसून मोजायला हवे. अंथरूण पाहून पाय पसरावे हे खरेच. पण ज्याचे अंथरूण आजाराने मधूनच कापले गेले, त्याला पाय आखडायला थोडा अवधी लागतो, आणि त्या अवधीत शेजाऱ्यांनी त्याच्या उघड्या पायांकडे पाहू नये.

पुढील तीन बुधवार, आर्वितनंतर, मी मागच्या लहान खोलीत बसणार आहे. कोणाला प्रमाणपत्राचा अर्ज भरायचा असेल, तारीख बदलायची असेल, किंवा एखादे पत्र खणात पडून असेल, तर घेऊन यावे. पत्रे वाचायला माझी पत्नी सोबत असेल. माझे डोळे तुम्हाला ठाऊकच आहेत. खोलीचे दार बाहेरच्या अंगणातूनही उघडते, तेव्हा सभागृहातून सर्वांच्या समोरून यावे लागणार नाही. खोलीची किल्ली गब्बाईंकडे आहे, त्यांनी ती विसरू नये.

चहा झाला आहे, असे मागून खुणावत आहेत. शाना तोवा.